ठोकळ्याची डावी मान

१२ फेब्रुवारी

साहेब,

तुमचं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र झकास आहे. मागे तीन ओळी लिहिल्यात, त्यातल्या दोन घोड्याच्या चौकशीच्या आणि एक हवेची. बहीण जिती आहे की गेली हे विचारायला जागा पुरली नसेल. दिवसभर हॉटेलातल्या पाहुण्यांच्या बॅगा उचलून बोटं दुखत असतील, मी समजू शकते.

तर घोड्याची बातमी अशी. ठोकळ्या हिवाळाभर उभ्या उभ्या खाऊन पिंप झालाय. पोट दोन्हीकडून बाहेर आलंय, पाठीवर चरबीची पन्हळ पडलीय, आणि चेहरा असा की जणू मी त्याची मोलकरीण. आहेच म्हणा. तू गेल्यापासून त्याची लीद मी उपसते, पाणी मी भरते, खरारा मी करते. त्याचे केस माझ्या नाकात, माझ्या चहात, माझ्या अंथरुणात. काल मागचा खूर उचलला तर तळव्याच्या खाचेतून काळं पाणी गळलं. असा वास आला की मी भिंतीला धरून उभी राहिले. मेलेला उंदीर त्यापुढे अत्तर म्हणायचा. बोटानेच खरवडून काढलं सगळं, कारण खूर साफ करायचा आकडा तू जाताना कुठे टाकलास ते देवाला माहीत. दोनदा साबण लावला तरी हात तोंडाजवळ नेववेना. शी.

डॉक्टरीणबाई येऊन गेली. जनावरांची, माझी नव्हे. मला कोण बघतंय. पुढच्या पायाची तुटलेली शीर भरून आलीय म्हणते, आता हळूहळू कामाला लावा. हळूहळू हा शब्द तिने इतक्या वेळा म्हटला की तिच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला. आधी नुसतं हाताने धरून सडकेवर चालवायचं. मग साज चढवून रिकामं चालवायचं. मग मागे जुना टायर बांधून. मग एखादा बारका ओंडका. आणि सगळं नीट झालं तर मग जंगलातलं खरं काम. मी म्हटलं, "बाई, तोवर ठेकेदार मशीन घेऊन येईल. त्याला ओंडके रस्त्यावर हवेत, घोड्याची तब्येत नकोय." तर म्हणाली, "तुम्ही घाई केलीत तर शीर पुन्हा तुटेल. पुन्हा तुटली तर मी औषध घेऊन येणार नाही, बंदूक घेऊन येईन."

दगड सरकला आणि ठोकळ्याचा पाय मुरगळला, असं तू सांगितलंस आणि आठवडाभरात बॅग भरलीस. दगड अजून तिथेच आहे. तूच तेवढा सरकलास.

तेव्हा आता ऐक. तुझ्या हॉटेलला पाहुण्यांची बग्गी ओढायला घोडा हवाय ना? ये आणि घेऊन जा. बाबांनी जाताना घोडा दोघांचा म्हणून सांगितलं होतं, माझा अर्धा तुला दिला. पुढचा घे, मागचा घे, पिंपासकट घे. मला वीट आलाय.

तुझे जुने बूट फेकून दिलेत, त्यांची वाट बघू नकोस.

तुझी बहीण


५ मार्च

गाढवा,

हे बरं आहे तुझं. "उन्हाळ्यात येतो, तोवर त्याला कामाला लावून ठेव, लंगडा घोडा मालक घेणार नाही." म्हणजे जेवण मी शिजवायचं, वाढायचं मी, आणि साहेब हात धुऊन पाटावर येणार. तुझं कार्ड वाचून मी ते ठोकळ्याच्या तोंडासमोर धरलं. त्याने चाटलं. समुद्र पुसट झालाय.

रोज सकाळी आमची मिरवणूक निघते. डाव्या हाताला मी, मध्ये दोरी, उजवीकडे पिंप. लाकडाच्या वखारीपासून पुलापर्यंत आणि परत. मला हळू चालता येत नाही हे तुला माहीत आहे, लहानपणी तुला शाळेत पोचवताना तुझा हात मी जवळपास उपटून आणायची. आता एका लंगड्याच्या चालीने चालायचं. तो मध्येच थांबतो, गटार हुंगतो, माझ्या बाहीला फेस पुसतो. बाही वाळली की कडक होते, पापडासारखी मोडते. घरी येऊन ती धुताना रोज तुला शिव्या देते, म्हणजे माझी उजळणीही होते.

बेकरीवाला दारात उभा असतो. "काय बाई, तुम्ही घोड्याला फिरवता की घोडा तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुमचा पाव खाऊन दोघांचे दात गेलेत, म्हणून सावकाश चाललोय."

तेव्हापासून तो आत थांबतो.

बायका विचारतात भाऊ कुठे आहे. मी सांगते मोठ्या हॉटेलात आहे, वर्दी घालतो. बॅगा उचलतो हे सांगत नाही. तुझी लाज राखते असं समजू नकोस, माझी राखते.

सडकेवर आता टाप सारखी पडते. आधी एक मेली अडखळायची, धप धप धप आणि मग जरा वेळाने धप. आता चारही नीट. बघायला लागत नाही, कानालाच कळतं.

बहीण


२७ मार्च

तू याला काय शिकवून ठेवलंयस?

आज पहिल्यांदा साज चढवला. गळपट्टा आतून बुरशीने हिरवा झाला होता, ती काढताना मला ओकारी आली, ते सोड. गळपट्टा घातला, पोटाखालचा तंग आवळला, साखळ्या नुसत्या अडकवून वर बांधल्या, मागे काही म्हणजे काही नाही. "चल" म्हटलं.

चालेना.

मान उजवीकडे वळवली, डावी बाजू माझ्या तोंडासमोर ताणून धरली, डोळे मिटले आणि उभा. फोटोवाल्याने हलू नका सांगितल्यासारखा. मी चुचकारलं, ओरडले, दोरी ओढली. बाबांची शिवी दिली, तीसुद्धा. ढिम्म. लाथ नाही, फुरफुर नाही, काही नाही. शहाण्या पोरासारखा उभा आपला. मागून खांदा लावून ढकललं तर बुटावर लीद टाकली. तुझ्या बुटावर. फेकले म्हणून लिहिलं होतं ते खोटं, मीच घालते. डावा चावतो.

साज उतरवला की लगेच माणसात येतो. चढवला की परत तेच, मान वळवून डोळे बंद. दुपारपर्यंत हेच चाललं आणि मग मी रागाने गळपट्टा उकिरड्यावर फेकला आणि मग परत आणून पुसला.

तीन महिने बसून खाल्लं की माणूसही नाटकी होतो, हा तर जनावर. पण हे नाटक माझं नाही, मी त्याला कधी साज चढवत नव्हते, ते काम तुझं होतं. तेव्हा तुलाच माहीत असणार. उत्तर लगेच टाक. समुद्राचं चित्र नको, साधा कागद चालेल.

बहीण


६ एप्रिल

चालला.

तू लिहिलंस तसं केलं. गळपट्ट्याच्या वर, मानेच्या डाव्या बाजूला अंगठा, जरा जोरात दाबून थोडं थांबायचं. त्याने मोठा श्वास सोडला, डोळे उघडले आणि निघाला, जणू मीच इतके दिवस त्याला अडवलं होतं. आता रोज तसंच करते. साज, अंगठा, चल.

तुला जनावरातलं कळतं, हे लिहिताना माझ्या तोंडाला कडू चव आलीय. पण कळतं. लिहिलं. खूश हो.

परवापासून टायर बांधतेय. पहिल्यांदा मागे खरखर झाली तसा चौखूर उधळणार असं वाटलं, पण नाही, कान मागे केले आणि ओढत राहिला. टायरात साचलेलं पावसाचं पाणी, त्यात अळ्या, ते सगळं माझ्या पायावर. तुझे बूट आहेत म्हणून बरं.

उन्हाळ्यात ये. तोवर होईल तयार.

बहीण

ता. क. हॉटेलात जेवण कसं असतं? तुला आंबट सोसत नाही ते त्यांना सांगितलंस का?


१९ एप्रिल

डॉक्टरीणबाई आज टायरचं काम बघायला आली होती. मी साज चढवला. त्याने मान दिली. मी अंगठा लावला.

ती म्हणाली, "हे काय करताय?"

मी ऐटीत सांगितलं, "युक्ती आहे. भावाने कळवली. याच्याशिवाय हलत नाही."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. जवळ येऊन त्याच्या मानेवर हात फिरवला, सावकाश, केसांच्या उलट दिशेने. मग माझा हात धरला आणि माझी बोटं तिथे टेकवली. "हे लागतंय?" लागलं. कातड्याखाली गाठी. वाटाण्याएवढ्या, काही त्याहून बारक्या, एकीला लागून एक. रोज खरारा करते मी तिथे. मला वाटायचं गोचिडाचे फोड असतील.

"सुयांच्या गाठी आहेत," ती म्हणाली. "रोज टोचलंय कोणीतरी. साज चढवला की सुई, आणि सुई टोचली की काम. तो सुईची वाट बघतोय, बाई."

मला तरी कळेना. मी म्हटलं, "कसली सुई? ताकदीची?"

तर नाही. दुखणं मारायची. ती म्हणाली, पाय आधीपासून दुखत असणार. दुखतो म्हणून घोडा लंगडतो, लंगडतो म्हणून आपण त्याला बसवतो आणि बसवलं की शीर भरून येते. सुई टोचली की दुखत नाही. मग तो पूर्ण जोर लावून ओढतो. आत शीर धाग्या-धाग्याने उसवत असते आणि त्याला कळत नाही. मग एक दिवस सगळीच जाते.

दगड सरकला म्हणे.

मी अंगठा धुतला. मग परत धुतला. खुरातल्या त्या काळ्या घाणीत बोट घातलं होतं तेव्हाही इतका धुतला नव्हता.

मला सगळ्यात जास्त किळस कशाची आली सांगू? तुझी नाही, तुझी नंतर आली. आधी आली ती त्या मेल्याच्या शहाणपणाची. स्वतःहून मान पुढे करतो! डोळे मिटून! अरे चाव ना, लाथ घाल, एवढं धूड देवाने कशाला दिलंय तुला? पण नाही. हे झाल्याशिवाय कामाला जायचं नसतं, एवढंच त्याला कळलंय, आणि तो आपला शहाण्यासारखा वाट बघत उभा. आणि मी रोज सकाळी जाऊन तिथेच अंगठा रोवत होते. वर शाबासकी देत होते.

ते मला तू शिकवलंस. कागदावर लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून. लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही? की वाटलं, ताई ढ आहे, चौथीतून उठलेली, तिला काय कळतंय. बरोबरच वाटलं. नाहीच कळलं.

येऊ नकोस. माझा अर्धा तुला दिला होता तो परत घेतला. तुझाही घेतला.


२० एप्रिल

कालच्या पत्रात एक राहिलं म्हणून हे.

नालबंद आला होता, तुझ्याशिवाय तबेल्यात शिरणारा तेवढाच. नाल बदलायची वेळ झाली होती. मी त्याला पाय उचलू दिला, हत्यारं मांडू दिली आणि मग विचारलं, "सुयांच्या औषधाच्या बाटल्या तुम्हीच आणून देत होता ना?"

लाजला असता तर मी जरा कमी बोलले असते. त्याने मान वरसुद्धा केली नाही. "सगळेच देतात, बाई. ऐन कामात घोडा कोण बसवून ठेवतो?"

त्याचा हातोडा मी लिदेच्या ढिगात फेकला. चांगला ताजा ढीग होता. त्याने तो शोधून काढला, गवताला पुसला, आणि जाता जाता दारात उभा राहून मला म्हणाला, "माझ्यावर कशाला चिडता? भावाला विचारा. पहिल्या दिवशी रडत होता. मी म्हटलं, एवढं वाईट वाटतं तर बसव घोडा आणि सांग घरी. तर म्हणाला, घोड्याला टोचणं सोपं आहे, ताईला 'आज घोडा यायचा नाही' हे सांगणं अवघड."

म्हणे!

मी काय वाघ आहे? खाते काय मी? मी तुला कधी काय म्हटलं? बसून खाणाऱ्याला माझ्या घरात ताट नाही, एवढं म्हटलं असेन. ते मी सगळ्यांना म्हणते. मांजरालाही म्हणते. मांजर गेलं का पळून?

खोटारडा आहे तो नालबंद. त्याचे हात बघितलेत मी, नखांत किती मळ असतो. असल्या माणसाचं काय ऐकायचं.

तू खरंच असं म्हणालास का, ते लिही.


१५ मे

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी तरी लिहिते, कारण इथे घोडा सोडून कोणी ऐकणारं नाही, आणि त्याची बातमी त्यालाच काय सांगायची.

आता अंगठा बंद. डॉक्टरीणबाई म्हणाली, ज्या बाजूने ती सवय लागली ती बाजूच त्याला विसरू दे, दुसऱ्या बाजूने सगळं करून बघा. म्हणून मी उजवी झाले. घोड्याचं सगळं डावीकडून करायचं असतं. दोरी डावीकडून धरायची, गळपट्टा डावीकडून चढवायचा, तंगाचं बक्कल डावीकडे, बाबांनी आपल्याला चापटी मारून मारून शिकवलं ते सगळं. ते सगळं आता उलट. माझे हात आडवे जातात, बक्कल सापडत नाही, कोपर त्याच्या पोटात रुततं. पहिले काही दिवस मी दारसुद्धा उलटं ढकलत होते. पलीकडच्या गावातून नवा नालबंद बोलावला, तो बघत उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही डावखुऱ्या का?" मी म्हटलं, "नाही, माझा भाऊ उजवा निघाला, म्हणून."

त्याला काय कळणार. हसला उगाच.

पहिल्या दिवशीचं सांगते. मी उजवीकडे उभी. साज चढवलेला. त्याने नेहमीसारखी डावी मान ताणून दिली, म्हणजे तोंड माझ्याकडे, डोळे बंद. नाकातला वारा माझ्या गळ्यावर, त्याला गवताचा आणि आजारी माणसाच्या खोलीसारखा वास. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. आणि थांबले. मी! दूध उकळेपर्यंत जिला दम निघत नाही ती. पाठ भरून आली, माशा आमच्या दोघांच्या डोळ्यांवर बसायला लागल्या, त्याने शेपटी हलवली तीही माझ्याच तोंडावर. मी जागची हलले नाही. ऊन तबेल्याच्या भिंतीवरून खाली उतरलं. मग त्याने डोळे उघडले. मान फिरवून डावीकडे बघितलं. नीट बघितलं, कोणी आहे का. कोणी नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं.

आणि निघाला.

मी टायरामागून चालत होते आणि माझ्या नाकातून पाणी येत होतं. माशांमुळे.

रोज तसाच थांबतो, पण आता कमी थांबतो.

ठेकेदार येऊन गेला. सपाट भागासाठी त्याने मशीन आणलंच आहे, घरघर इथपर्यंत ऐकू येते, डिझेलच्या वासाने कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. पण चढावरच्या झाडीत ते जात नाही, ती बाजू घोड्याने उतरवायची ठरलीय. बारका ओंडका घेऊन जायचा तो पहिला दिवस होता. सकाळी मी ठोकळ्याच्या पायावरून हात फिरवला तर शिरेवर गरम लागलं. फार नाही, जरासं. तू असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. मी असते तर, म्हणजे आधीची असते तर, काय म्हटलं असतं तेही.

ठेकेदार दारात गाडी चालू ठेवून उभा. "काय, निघायचं?"

मी म्हटलं, "आज घोडा यायचा नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "बरं. परवा?"

"परवा पाय बघून सांगते."

"बरं," म्हणाला आणि गेला.

एवढंच. आभाळ पडलं नाही. म्हटलं तुला कळवावं.


९ जून

आज ठोकळ्याने पहिला खरा ओंडका उतरवला. चढावरून, त्या तुझ्या दगडाशेजारून. दगड जागचा हललेला नाही, मी मुद्दाम पायाने ढकलून बघितला.

मान दिली नाही. आता देतच नाही. साज चढवला की कान टवकारतो आणि माझ्या आधी पाऊल टाकतो, मलाच धावावं लागतं. पोट उतरलंय. पिंप म्हणायची सोय राहिली नाही. घामाने असा घाणतो की तबेल्यात नाकाला फडकं बांधून जावं लागतं, पण तो कामाचा घाम आहे, वेगळा असतो. काम झाल्यावर पाय थंड पाण्यात उभा करते. पाय थंड आहे. सूज नाही.

तू येऊ नकोस हे अजून तसंच आहे. उशिराचा का होईना, उन्हाळा आलाय, हॉटेलात गर्दी असेल, तुला तशीही सुट्टी मिळणार नाही. बग्गी ओढायला दुसरा घोडा बघा म्हणावं. त्याची मान आधी चाचपून घ्या.

तुझी खोली झाडली. उंदरांनी गादी फोडलीय, कापूस सगळीकडे, त्यात त्यांची पिल्लं, गुलाबी, उघडी, शी शी शी. सगळं बाहेर टाकलं. नवी गादी घातली आहे. उंदरांसाठी नाही.


२८ जून

तू आलास आणि मला भेटला नाहीस.

मी स्वयंपाकघरात होते. पातेल्याचा तळ करपला होता, तो घासत होते. खिडकीतून फाटक दिसतं हे तू विसरलास वाटतं. आधी मला ओळखूच आला नाहीस. वाळलायस. ती वर्दीची पँट घालून एवढ्या धुळीत कोण येतं? हातात घोड्याच्या तोंडावर चढवायची नवी मोहरकी, पितळी फुलं लावलेली, हॉटेलची. असलं काहीतरी नटवं तिथे लोकांना आवडत असेल. मला वाटलं, आला न्यायला. मी चुलीजवळचा चिमटा उचलला. खरं सांगते.

ठोकळ्या कुंपणाच्या आत चरत होता. तू फाटक उघडलंस. डावीकडून गेलास, बाबांनी शिकवलं तसा. त्याने मान वर केली, तुला ओळखलं. लगेच ओळखलं मेल्याने, मी तर माणूस असून वेळ लावला. चालत तुझ्याजवळ आला, तुझी छाती हुंगली, खिसे हुंगले.

आणि मग त्याने मान उजवीकडे वळवली, डावी बाजू तुझ्यापुढे ताणून धरली आणि डोळे मिटले.

अंगावर साज नव्हता. कामाची वेळ नव्हती. फक्त तू होतास.

मी तुझा चेहरा बघितला. एवढ्या लांबूनही दिसला. पातेलं माझ्या हातातून सुटलं, त्याचा आवाज तुला ऐकू आला असेल, तू दचकलास. तुझे दोन्ही हात तू मागे घेतलेस, पाठीमागे, लहानपणी काही फोडलंस की घ्यायचास तसे. तो थांबला होता. तू थांबला होतास. मला वाटलं आता तरी हात लावशील त्याला, नुसता ठेवशील. नाही ठेवलास. मोहरकी फाटकावर टांगलीस आणि गेलास. सडकेने, मागे न बघता, त्या चकचकीत बुटांत. पायाला फोड आले असतील.

मी हाक मारली नाही. तोंडापर्यंत आली होती. चिमटाही हातातच होता.

तू गेल्यावर तो बराच वेळ तसाच उभा होता. मी बाहेर गेले, उजवीकडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे उघडले तेव्हा त्याने आधी डावीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी साज चढवला तर पुन्हा मान. पहिल्यापासून सगळं. ठेकेदाराला सांगितलं, आज घोडा यायचा नाही. उद्याही नाही. तो जरा चिडला. चिडू दे.

मला तुझी किळस येते. ते मी लपवणार नाही, लपवायला मला येतही नाही. तुझ्या त्या पँटची येते, मागे घेतलेल्या हातांची येते, काही न बोलता निघून जायच्या तुझ्या सवयीची तर लहानपणापासून येते. पण हेही लिहिते की मोहरकी तू घोड्याला घातली नाहीस. घालू शकला असतास. तो उभाच होता.

त्या मोहरकीची पितळी फुलं मी ओरबाडून काढली. आता कामाची दिसते. खिळ्याला अडकवली आहे, तुझ्या खिळ्याला. बूटही त्याखाली आहेत. डाव्याला आतून कापड लावलंय, आता चावत नाही.

पुन्हा आलास तर उजवीकडून ये. आधी माझ्याकडे नको, त्याच्याकडे जा. हात मागे घेऊ नकोस. पुढे धर, रिकामे, आणि त्याला पुरेसं बघू दे. मान दिली तर दाबू नकोस, बोलू नकोस, कुठे निघूनही जाऊ नकोस. नुसता उभा राहा. वेळ लागेल. तो डोळे उघडेल तेव्हा डावीकडे कोणी असता कामा नये.

मी तोवर काही बोलणार नाही. स्वयंपाकघरात असेन. दूध तापत ठेवीन आणि उकळेपर्यंत दुधापाशीच उभी राहीन.

ताई